शिकागो, १८३३: वस्तीला नगराचा कायदेशीर दर्जा मिळवण्याची पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रे

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने फेब्रुवारी १८३१ मध्ये एक सर्वसाधारण कायदा केला. त्यामुळे ज्या गावांना स्वतःचा कारभार स्वतः पाहायचा होता, त्यांना प्रत्येक वेळी विधिमंडळाकडून वेगळी सनद आणण्याची गरज उरली नाही. या कायद्याखाली अर्ज घेणारे कार्यालय नव्हते आणि मंजुरी देणारा अधिकारीही नव्हता. रहिवाशांची सभा, तिच्यातील मतदान आणि त्या मतदानाचा सहीनिशी दाखला एवढ्यावर नगर अस्तित्वात येत असे. शिकागो याच मार्गाने ऑगस्ट १८३३ मध्ये नगर झाले, म्हणून पुढील माहिती त्याच उदाहरणाच्या आधारे दिली आहे.

गावाची लोकसंख्या किमान १५० असावी, ही पहिली अट होती. त्या वर्षी शिकागोत २०० ते ३५० माणसे राहत होती असे धरले जाते, तेव्हा गावाच्या पात्रतेचा प्रश्न नव्हता. माणसांच्या पात्रतेचा मात्र होता. सभा भरवण्याचा आणि मत देण्याचा अधिकार कायद्याने २१ वर्षांवरील गोऱ्या पुरुष रहिवाशांनाच दिला होता. स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि या प्रदेशाचे मूळ रहिवासी असलेले पोटावाटोमी लोक यांना या प्रक्रियेत कोठेही स्थान नव्हते. नगराच्या स्थापनेनंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तोच २६ सप्टेंबर १८३३ रोजी शिकागो येथेच झालेल्या तहाने पोटावाटोमी व त्यांच्या सोबतच्या जमातींकडून मिशिगन सरोवराच्या पश्चिमेकडील सुमारे ५० लाख एकर जमीन काढून घेण्यात आली. त्या तहाच्या तीन सरकारी आयुक्तांपैकी एक थॉमस ओवेन हे होते, आणि नव्या नगराचे पहिले अध्यक्षही तेच होते. स्वशासनाची ही कथा वाचताना हे दोन प्रसंग एकमेकांपासून वेगळे काढता येतील, असे मला वाटत नाही.

प्रक्रियेची सुरुवात जाहीर सूचनेने होत असे. सभेची वेळ आणि जागा किमान दहा दिवस आधी गावातील वर्तमानपत्रात छापावी, किंवा वर्दळीच्या निदान तीन ठिकाणी लेखी सूचना लावावी, असे कायदा सांगत होता. शिकागोतील पहिले वर्तमानपत्र त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला निघाले, म्हणजे ऑगस्टमधील सभेसाठी हाताने लिहिलेले कागद चिकटवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. सभा जमल्यावर उपस्थितांनी आपल्यातूनच अध्यक्ष आणि लेखनिक निवडायचे, त्यांनी शपथ घ्यायची आणि मग प्रत्येक मतदाराने सर्वांसमक्ष तोंडी सांगायचे की नगर स्थापन व्हावे की नाही. गुप्त मतदान नव्हते. कोण कोणत्या बाजूचा आहे हे शेजाऱ्याला तिथेच ऐकू येत असे. उपस्थित मतांपैकी दोन तृतीयांश मते अनुकूल असणे आवश्यक होते. ५ ऑगस्ट १८३३ रोजी शिकागोतील कौल १२ विरुद्ध १ असा लागला.

त्यानंतर लेखनिकाने किमान पाच दिवसांची सूचना देऊन पाच विश्वस्तांची निवडणूक घ्यायची होती, आणि शिकागोत ती बरोबर पाच दिवसांनी, १० ऑगस्टला झाली. विश्वस्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देवस्थानाचे किंवा शाळेचे मंडळ येते. इथे मात्र विश्वस्त म्हणजे एका वर्षाच्या मुदतीचे, लोकांनी निवडलेले नगराचे कारभारी. उमेदवार गावचा रहिवासी आणि जमिनीचा मालक असावा लागे. एकूण २८ जणांनी मत दिले आणि ओवेन, जॉर्ज डोल, मॅडोर बोबियां, जॉन मिलर व एडमंड किम्बर्ली निवडून आले. यांपैकी बोबियां यांची आई ओडावा जमातीची होती, आणि पुढे ते पोटावाटोमींबरोबर कॅन्ससला निघून गेले.

कागदपत्रे थोडीच होती, पण त्यांच्यावरच सारे उभे होते. पहिल्या सभेतील अनुकूल आणि प्रतिकूल मतांची संख्या अध्यक्ष व लेखनिकाने सहीनिशी प्रमाणित करायची आणि तो दाखला निवडून आलेल्या विश्वस्तांच्या हाती द्यायचा. विश्वस्तांनी आपल्यातून अध्यक्ष निवडला, की ‘नगराचे अध्यक्ष आणि विश्वस्त’ या नावाने एक निगम निकाय, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती मानली जाणारी संस्था, जन्माला येई. तो स्वतःच्या नावाने दावा लावू शके आणि त्याच्यावरही दावा लावता येई. नगराची हद्द मंडळाने आदेशाने ठरवायची होती, परंतु ती एक चौरस मैलापेक्षा मोठी असू नये, असे बंधन होते. हद्द आखताना शिकागोला एक सोय होती: मिशिगन सरोवर आणि इलिनॉय नदी जोडणाऱ्या नियोजित कालव्याच्या आयुक्तांच्या वतीने जेम्स थॉम्प्सन यांनी १८३० मध्येच रस्ते आणि भूखंडांचा नकाशा तयार केला होता.

अधिकार कायद्यात मोजून दिलेले होते. स्थावर मालमत्तेवर दर १०० डॉलर मूल्यामागे जास्तीत जास्त ५० सेंट कर घेता येई. उपद्रव दूर करणे, रस्ते नीट ठेवणे आणि आगीपासून बचाव ही कामे मंडळाकडे होती. मंडळाचे पहिले नियम नोव्हेंबर १८३३ मध्ये झाले. नाकात कडी किंवा मानेत जोखड नसलेले डुक्कर रस्त्यावर मोकळे फिरले तर मालकाला दंड होता, आणि चुलीचे धुराडे छपरातून अथवा भिंतीतून न्यायचे असेल तर लाकडाला ते भिडू नये म्हणून पत्र्याचे किंवा लोखंडाचे संरक्षण सक्तीचे होते. लाकडी घरांच्या त्या गावाला हा दुसरा नियम फार गरजेचा होता. गावातील पहिली सार्वजनिक वास्तू मात्र नगर होण्याआधीचीच होती: काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, १२ डॉलर खर्चून उभारलेला, मोकाट जनावरांसाठीचा कोंडवाडा.

गाव वाढत गेले तसा हा साचा अपुरा पडू लागला. १८३५ मध्ये विधिमंडळाने शिकागोसाठी स्वतंत्र कायदा करून विश्वस्तांची संख्या नऊ केली, आणि ४ मार्च १८३७ च्या सनदेने नगराचे शहर झाले. त्या मे महिन्यात महापौरपदाच्या पहिल्या निवडणुकीत विल्यम ऑग्डेन यांना ४६९ आणि जॉन किन्झी यांना २३७ मते पडली.