अरुंद स्टेपनी

पंक्चर झालेल्या चाकाच्या जागी तात्पुरते लावायचे, मूळ चाकापेक्षा कमी रुंद आणि हलके जादा चाक. डिकीत कमी जागा व्यापते म्हणून ते ‘स्पेस सेव्हर’ या नावाने विकले जाते. स्टेपनी हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास काढलेली मूळ ‘स्टेपनी’ म्हणजे आरे नसलेली, टायर चढवलेली नुसती धाव. ती पंक्चर चाकालाच पकडींनी आवळत. आजची स्टेपनी थेट हबवर, म्हणजे चाक ज्यावर बोल्टांनी बसते त्या मधल्या भागावर, चढते, त्यामुळे एका गाडीची दुसरीला चालेलच असे नाही.

निवड करताना बहुतेक जण आधी रिमचा आकडा पाहतात आणि तिथेच फसतात. जुळायला हवा तो टायरसकट चाकाचा एकूण व्यास. २०५/५५ आर १६ (रुंदी २०५ मिमी., बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) या टायरचा व्यास सुमारे ६३२ मिमी. भरतो. टी १२५/७० आर १८ चाही जवळपास तेवढाच. रिम दोन इंच मोठी असूनही ती जोडी जमते. उलट १६ इंचीच टी १२५/८० आर १६ चा व्यास ६०६ मिमी., म्हणजे चार टक्के कमी. (आरंभीचा ‘टी’ तात्पुरत्या वापराची खूण.) व्यासात असा फरक असलेले चाक इंजिन फिरवते त्या आसावर लावले, तर डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहून तापतो. चारही चाके चालणाऱ्या गाडीत हे अधिकच महागात पडते.

दुसरी कसोटी बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी. ५×११२ (पाच बोल्ट, वर्तुळ ११२ मिमी.) आणि ५×११४.३ ही मापे डोळ्यांना सारखीच दिसतात. पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोके नसतात, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजून ०.५८८ ने भागावे लागते. या दोन मापांत ते अंतर जेमतेम १.४ मिमी.ने वेगळे असल्याने टेपवर विसंबू नये. मधले भोक हबपेक्षा लहान असेल तर चाक बसतच नाही. रिमचा ऑफसेटही, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे तेही, तपासावा.

कागदावर सारे जुळूनही ब्रेक आडवा येतो. एकाच मॉडेलच्या ताकदवान इंजिनाच्या गाडीत पुढचे कॅलिपर (ब्रेकच्या पकडी) मोठे असतात आणि साध्या आवृत्तीची स्टेपनी त्यांना घासते. त्यामुळे घेण्यापूर्वी ती पुढच्या हबवर चढवून हाताने फिरवून पाहणे हीच खरी परीक्षा. अलॉय चाकाचे बोल्ट स्टेपनीच्या पातळ पोलादी डिस्कला लांब पडून आतल्या भागांत अडकू शकतात. बोल्टांच्या बैठकीचा आकार, शंकूसारखा की गोल, हाही जुळावा लागतो.

हवा नेहमीपेक्षा बरीच जास्त, बहुधा ६० पीएसआय, आणि वेगमर्यादा सहसा ताशी ८० किमी.; दोन्ही आकडे चाकावरच छापलेले असतात. जुनी स्टेपनी घेताना टायरवरील ‘डॉट’ (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. न वापरताही रबर म्हातारे होते. डिकीतल्या खळग्यात ही स्टेपनी मावते, पण काढलेले रुंद चाक बहुधा तिथे मावत नाही. ते सामानावर नाहीतर मागच्या सीटवर ठेवावे लागते.