आरएसव्ही प्रतिबंध, अतिजोखमीच्या अर्भकांमधील

रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजेच आरएसव्ही, हा मोठ्यांना बहुधा साधी सर्दी देणारा विषाणू तान्ह्या बाळाच्या अरुंद श्वासनलिकांत सूज व चिकट स्राव निर्माण करतो; बाळाला धाप लागते, श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो आणि अंगावर पिणे तुटते. अपुऱ्या दिवसांची बाळे, तसेच गंभीर जन्मजात हृदयविकार किंवा दीर्घकालीन फुप्फुसविकार असलेली अर्भके यांना धोका सर्वाधिक असतो. आईची प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाशी लढणारी रक्तातील प्रथिने, वारेतून मुख्यतः शेवटच्या तिमाहीत बाळाकडे जातात, त्यामुळे लवकर जन्मलेले बाळ या शिदोरीला मुकते.

लसीचा पहिला प्रयत्न अंगलट आला. 1960 च्या दशकात अमेरिकेत फॉर्मलिन या रसायनाने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस टोचलेल्या बालकांना पुढे नैसर्गिक संसर्ग झाला तेव्हा आजार उलट बळावला व दोन बालके दगावली. त्यानंतर लससंशोधन दीर्घकाळ रेंगाळले आणि तयार प्रतिपिंडे टोचण्याचा मार्ग पुढे आला. 1998 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पॅलिव्हिझुमॅब हे प्रतिपिंड वजनाच्या दर किलोस 15 मिलिग्रॅम या प्रमाणात, साथीच्या हंगामात दरमहा स्नायूत टोचले जाऊ लागले. मुख्य चाचणीत त्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 10.6 वरून 4.8 टक्क्यांवर आले. औषध महाग, त्यात दरमहा खेप. म्हणून ते मोजक्याच बाळांपुरते राहिले.

विषाणू पेशीत शिरण्यापूर्वी त्याच्या एफ प्रथिनाचा (पेशीत शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पृष्ठभागावरील प्रथिनाचा) आकार कसा असतो, हे 2013 मध्ये उलगडले आणि चित्र पालटले. त्याच आकाराला चिकटणारे निरसेव्हिमॅब हे नवे प्रतिपिंड रक्तात दीर्घकाळ टिकते, त्यामुळे पहिल्या हंगामासाठी सहसा एकच मात्रा पुरते: पाच किलोखालील बाळाला 50 मिलिग्रॅम, त्यावरील बाळाला 100. हृदयशस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुस यंत्र वापरल्यास प्रतिपिंडांची पातळी घसरते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मात्रा द्यावी लागते. गरोदर स्त्रीसाठीही आता लस आहे. परंतु अमेरिकेत ती 32 ते 36 आठवड्यांदरम्यान देतात, आणि ज्याला सर्वाधिक गरज ते 28 आठवड्यांचे बाळ तोवर जन्मून गेलेले असते.

उसनी प्रतिपिंडे काही महिन्यांतच ओसरतात, म्हणून मात्रेची वेळ स्थानिक साथीवरूनच ठरवावी लागते. उत्तर भारतात ही साथ प्रामुख्याने हिवाळ्यात येते, तर महाराष्ट्रात पावसाळ्यात जोर धरते. युरोपचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे लावता येत नाही. शिवाय टोचणी झाली तरी हात धुऊनच बाळाला घेणे, सर्दी झालेल्या भावंडांना व पाहुण्यांना लांब ठेवणे, बाळाचे पापे न घेणे, स्तनपान चालू ठेवणे आणि विडी-सिगारेटचा व चुलीचा धूर टाळणे ही पथ्ये सुटत नाहीत.