माशाच्या अंगावरचा पांढरा कापूस: पाणबुरशी की कॉलम्नॅरिस?

परसातील तळ्यात पोहणाऱ्या गोल्डफिशच्या तोंडावर, परांवर किंवा पाठीवर पांढरट काहीतरी दिसू लागले की बहुतेक जण त्याला बुरशी समजतात आणि बुरशीवरचे औषध पाण्यात ओतून मोकळे होतात. पुष्कळदा ती खरोखरच पाणबुरशी असते. काही वेळा मात्र तो कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूजन्य रोग असतो, आणि तसे असेल तर बुरशीच्या औषधाचा परिणाम पाहत घालवलेले दोन दिवस माशाला परवडत नाहीत. दोन्हींचा रंग जवळजवळ सारखा असल्यामुळे रंगावरून निदान करण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. वाढ पाण्यात उभी राहिली आहे की अंगाला चिकटून बसली आहे, पाणी थंड आहे की कोमट, आणि डाग किती वेगाने पसरतो आहे, हे नीट पाहिले तर सूक्ष्मदर्शक हाताशी नसतानाही बरेचसे उलगडते.

पाणबुरशी, म्हणजे मुख्यतः सॅप्रोलेग्निया, ही खऱ्या बुरशीच्या कुळातील नाही. तिच्या पेशीभित्तिकांत सेल्युलोज असते, तिचे बीजाणू दोन कशाभिकांच्या, म्हणजे शेपटीसारख्या बारीक तंतूंच्या साहाय्याने पोहतात आणि बटाट्यावर करपा पाडणारा फायटॉप्थोरा हा तिचा आप्त आहे. तळे कितीही निगुतीने राखलेले असले तरी हे बीजाणू त्यात असतातच; कुजणारी पाने, उरलेले खाद्य आणि मेलेली अंडी यांवर त्यांची गुजराण चालू असते. निरोगी माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर त्यांना सहसा शिरकाव करू देत नाही. त्यामुळे पाणबुरशी दिसल्यावर ती कोठून आली हे विचारण्यात फारसा अर्थ नसतो. तो थर कशाने फाटला हे शोधावे लागते. जाळ्यात धरताना निखळलेले खवले, बगळ्याच्या चोचीचा ओरखडा, विणीच्या काळात नरांनी मादीला दगडांवर रेटल्यामुळे निघालेले सालटे, अँकर वर्म या परजीवीने पाडलेले छिद्र, यांपैकी काहीतरी बहुधा त्या कापसाखाली सापडतेच. कधी जखम दिसत नाही, पण आदल्या काही दिवसांत पाण्याचे तापमान एकाएकी उतरलेले असते. अशा वेळी माशाची प्रतिकारशक्ती आणि बुळबुळीत थर दोन्ही दुबळे झालेले असतात.

मासा पारदर्शक भांड्यात घ्यावा, मागे काळा कागद धरावा आणि बाजूने विजेरीचा प्रकाश टाकावा. पाणबुरशी असेल तर बारीक तंतू कातडीतून बाहेर, पाण्याच्या दिशेने उभे राहिलेले दिसतात आणि माशाच्या हालचालीबरोबर डुलतात. डाग बराचसा गोलाकार असतो. तोच मासा ओल्या हाताने क्षणभर पाण्याबाहेर उचलला तर सगळे तंतू मिटतात आणि मागे केवळ एक ओलसर, बुळबुळीत गोळा उरतो. पाण्यात सोडताच तो पुन्हा फुलतो. चार-सहा दिवसांनी या तंतूंत गाळ आणि शेवाळ अडकते व पांढरा डाग तपकिरी किंवा हिरवट होतो. नवशिक्या पालकाला तेव्हा दुसराच रोग जडल्यासारखे वाटते, पण वाढ तीच असते.

कॉलम्नॅरिसचा डाग असा उभा राहत नाही. तो कातडीवर पसरलेला राखाडी-पांढरा, कधी पिवळसर झाक असलेला पातळ थर असतो आणि त्याच्या कडेला पुष्कळदा लालसर रेघ दिसते. तोंडाच्या कडा पांढुरक्या होऊन झिजणे, परांच्या कडा फाटत जाऊन मधल्या काड्या उघड्या पडणे आणि पाठीवरच्या पराभोवती दोन्ही बाजूंना उतरणारा फिकट पट्टा, ज्याला त्याच्या आकारामुळे खोगीर म्हणतात, या त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. तोंडावरची वाढ मात्र कधीकधी थोडी पिंजल्यासारखी दिसते, आणि सगळा घोटाळा तेथेच होतो. माझ्या मते जखमेची कोणतीही पूर्वसूचना नसताना डाग तोंडापासून सुरू झाला असेल, तर सिद्ध होईपर्यंत त्याला जिवाणूच समजून चालावे. चुकलोच तर फार बिघडत नाही. उलट बाजूने चुकलो तर बिघडते.

या रोगाचे सर्वांत फसवे रूप कल्ल्यांत असते. अंगावर काहीही न दिसता मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो, खाणे सोडतो आणि मरतो. कल्ल्यावरचे झाकण हलकेच उचलून पाहिले तर एकसारख्या लाल पाकळ्यांच्या जागी पिवळट-तपकिरी, कुजलेले पट्टे आढळतात. पाणबुरशी कल्ल्यांवर वाढतच नाही असे नाही, पण तेथेही तिचे तंतू दिसतात आणि बहुधा आधी दुसरे काहीतरी बिघडलेले असते.

कॉलम्नॅरिसचे वर्णन हर्बर्ट स्पेन्सर डेव्हिस यांनी 1922 मध्ये केले. फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेर हे त्यामागील जिवाणूचे आजचे नाव. 2022 मध्ये जनुकीय फरकांच्या आधारे त्याचे चार जातींत विभाजन झाले, पण तळ्याच्या काठावर उभे असलेल्या माणसाच्या दृष्टीने त्याने काही बदलत नाही. सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल तर मात्र वाद मिटतो. डागाच्या मध्यातून नव्हे, तर कडेवरून थोडेसे खरवडून काचपट्टीवर तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात घ्यावे आणि वर काचेचे झाकण ठेवावे. पाणबुरशीचे जाड, फांद्या फुटलेले, आडवे पडदे नसलेले तंतू शंभरपट वर्धनातही स्पष्ट दिसतात. जिवाणूंसाठी चारशेपट वर्धन लागते आणि थोडा धीरही लागतो: पाच-दहा मिनिटे काचपट्टी तशीच ठेवली की लांब, सडपातळ, वाकत सरकणारे जिवाणू ऊतींच्या तुकड्यांच्या कडेला एकवटतात आणि त्यांचे स्तंभासारखे ढीग उभे राहतात. एकदा ते दिसले की शंका उरत नाही.

तापमानाचा पुरावा भक्कम असला तरी निर्णायक नव्हे. पाणबुरशी बहुतेक वेळा थंड पाण्यात, विशेषतः पारा पंधरा अंशांखाली उतरताना डोके वर काढते. कॉलम्नॅरिस साधारण वीस अंशांच्या वर जोर धरतो आणि पंचवीस-तीस अंशांत उग्र जातीचे जिवाणू एक-दोन दिवसांत मासा संपवू शकतात. गर्दी, साठलेला सेंद्रिय गाळ आणि प्राणवायूची कमतरता त्याला मदत करतात. तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर पंधरा अंशांत सुमारे दहा. म्हणूनच आजारी माशाचे पाणी गरम करावे हा सल्ला येथे घातक ठरतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात, म्हणजे इकमध्ये, उष्णता देण्यामागे त्या परजीवीचे जीवनचक्र वेगाने पुढे सरकवण्याचा हेतू असतो; कॉलम्नॅरिसमध्ये तीच उष्णता जिवाणूच्या पथ्यावर पडते. शक्य असेल तर सावली करून आणि थंड पाणी थोडे थोडे घालून तापमान हळूहळू उतरवावे.

वेगातही असाच फरक आहे. एका माशावर एकच गोल डाग असून तो आठवडाभरात थोडासा वाढला असेल, तर पाणबुरशीची शक्यता जास्त. सकाळी एका माशाचे तोंड पांढरे दिसले, संध्याकाळी आणखी दोघांच्या परांच्या कडा फाटलेल्या आढळल्या, तर बुरशीचा विचार बाजूला ठेवावा.

उपचाराची सुरुवात दोन्हींत सारखीच, आणि ती औषधाने होत नाही. अमोनिया, नायट्राइट, सामू आणि तापमान मोजावे; अमोनिया किंवा नायट्राइट शून्यावर नसेल तर पाण्याचा काही भाग क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदलावा आणि हवेचा पंप जोरात चालू ठेवावा. मग आजारी मासा तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या, निदान पन्नास-शंभर लिटरच्या वेगळ्या टबात हलवावा. टबात गाळणी मुरलेली नसल्यामुळे, म्हणजे अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू तिच्यात रुजलेले नसल्यामुळे, अमोनिया झपाट्याने साठतो, म्हणून रोज अर्धे पाणी बदलावे लागते. टबात लिटरमागे एक ते तीन ग्रॅम साधे, कसलेही मिश्रण नसलेले मीठ घालता येते. पन्नास लिटरला तीन ग्रॅमच्या हिशोबाने दीडशे ग्रॅम, तेही एकदम न घालता काही तासांत विभागून. फाटलेल्या कातडीतून माशाच्या अंगात सतत पाणी शिरत असते आणि क्षार बाहेर जात असतात. मीठ तो ताण हलका करते, पाणबुरशीच्या वाढीला आवर घालते आणि जिवाणूला कातडीवर चिकटणे काहीसे अवघड करते. पूर्ण तळ्यात मीठ घालायचे तर आधी आकारमान काढावे: तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सरासरी साठ सेंटिमीटर खोल तळ्यात 3600 लिटर पाणी असते आणि त्याला लिटरमागे तीन ग्रॅम म्हणजे जवळजवळ अकरा किलो मीठ लागते, ज्यात पाणवनस्पती तग धरतीलच असे नाही. पाण्याची वाफ झाली तरी मीठ मागेच राहते, हेही विसरू नये. जितके पाणी काढून टाकले तितक्याच प्रमाणात ते पुन्हा घालायचे असते.

येथून पुढे वाटा वेगळ्या होतात. पाणबुरशीत मूळ जखम बरी करणे हाच उपचार असून बाकीचे सगळे त्याला जोड आहे. मासा ओल्या कापडावर धरून, डोळे आणि कल्ले सांभाळून, डागावर पोव्हिडोन आयोडीनचा बोळा हलकेच फिरवता येतो. अँकर वर्म असेल तर तो मुळासकट काढावा लागतो. मॅलाकाइट ग्रीन पाणबुरशीवर फार प्रभावी आहे, पण ते विषारी असून युरोपीय संघात आणि अमेरिकेत खाण्याच्या माशांसाठी त्याला मनाई आहे. शोभेच्या माशांसाठी जेथे परवानगी असेल तेथेही ते हातमोजे घालून, मात्रा काटेकोर मोजून आणि टबातच वापरावे. मिथिलीन ब्लू त्या मानाने सौम्य असले तरी गाळणीतील उपयुक्त जिवाणूंना ते मारते. प्रतिजैविकांचा पाणबुरशीवर काडीचाही परिणाम होत नाही.

कॉलम्नॅरिसमध्ये उलट, प्रतिजैविक हेच खरे हत्यार आहे आणि ते वेळेवर मिळाले तरच उपयोगाचे. मासा खात असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने फ्लोरफेनिकॉल किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य देता येते. त्याने खाणे सोडले असेल तर हा मार्ग बंद होतो आणि इंजेक्शन किंवा औषधी पाणी उरते. ऑक्सिटेट्रासायक्लिन कठीण पाण्यातील कॅल्शियमशी बांधले जाते, म्हणून पाण्यात ते अंदाजाने टाकण्यात अर्थ नाही. रोग कातडीपुरता असेल तर पूर्ण तळ्यासाठी लिटरमागे दोन मिलिग्रॅम पोटॅशियम परमँगनेट हा जुना उपाय आहे. वरच्या उदाहरणातील तळ्याला तो सव्वासात ग्रॅमच्या आसपास लागतो. तो आधी बादलीत पूर्ण विरघळवावा, गाळणी तेवढा वेळ वगळावी आणि फॉर्मेलिनबरोबर कधीही वापरू नये. गुलाबी पाणी तपकिरी झाले म्हणजे औषध संपले. गढूळ तळ्यात ते तासाभरातच संपते, कारण ते आधी गाळाशी लढते. त्यावर घाईने दुसरी मात्रा ओतण्यापेक्षा तळाचा गाळ काढणे बरे.

दोन्ही एकाच माशावर असू शकतात, आणि तेव्हा क्रम बहुधा ठरलेला असतो: जिवाणूने कातडी कुजवलेली असते आणि त्या कुजलेल्या भागावर नंतर पाणबुरशी उगवलेली असते. म्हणून वरचा कापूस निघून गेल्यावरही कडेची लाली आणि परांची झीज चालूच राहिली तर जिवाणूचा उपचार थांबवू नये.

जाता जाता, विणीच्या हंगामात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर जे बारीक, टणक, पांढरे दाणे येतात, ते या दोहोंपैकी काहीच नसते आणि त्यांना औषधाची गरज नसते.

प्रादुर्भाव आटोक्यात आल्यावर जाळी, नळी आणि टब यांच्याबाबत मात्र रोगानुसार वागावे. पाणबुरशीनंतर तळे निर्जंतुक करण्याच्या खटपटीत पडू नये, कारण बीजाणू पुन्हा येणारच. मेलेली अंडी आणि मासे लगेच काढले की पुरे. कॉलम्नॅरिसनंतर मात्र प्रत्येक वस्तू धुऊन कडकडीत वाळवावी, आजारी टबातले जाळे तळ्यात बुडवू नये आणि नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय आत सोडू नये.