रंग कॅलिपरला, ब्रेकला नव्हे

लाल कॅलिपरची गाडी साध्या कॅलिपरच्या गाडीपेक्षा वीतभरही आधी थांबत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. (कॅलिपर म्हणजे डिस्क ब्रेकचा तो ठोकळा, जो चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, दोन्ही बाजूंनी पॅड दाबतो.) तरीही घरच्या घरी कॅलिपर रंगवण्याची हौस मला वावगी वाटत नाही. पावसाळा संपला की अलॉय व्हीलच्या फटींमधून तांबेरलेला लोखंडी ठोकळा डोकावू लागतो, आणि गाडी रत्नागिरी, मालवण किंवा पणजीसारख्या खाऱ्या हवेत उभी राहत असेल तर जरा जास्तच डोकावतो. नवीकोरी दिसणारी गाडी आणि आत हे गंजके ध्यान, खुपणारच. (चाके साधी स्टीलची आणि वर प्लॅस्टिकचे व्हीलकॅप असतील तर मात्र हा खटाटोप फक्त पंक्चरवाल्याला दिसेल.)

ही हौस शर्यतींच्या गाड्यांवरून आली. डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच घेतले होते, पण त्याचा डंका वाजला तो १९५३ साली, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे महागड्या स्पोर्ट्स गाड्यांनी कॅलिपर रंगवून मिरवायला सुरुवात केली. पोर्शमध्ये तर रंगाला अर्थ आहे: पिवळा कॅलिपर म्हणजे सिरॅमिक डिस्क. त्यामुळे हॅचबॅकचे कॅलिपर पिवळे करणाऱ्याने जाणकारांचे मिश्कील हसू सोसायची तयारी ठेवावी.

रंग कोणता टिकेल हे ठरवण्याआधी तिथे किती तापते ते पाहायला हवे. १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात सुमारे ४६० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. तेवढ्यात जवळजवळ दीड लिटर पाणी उकळीला येईल. ब्रेक दाबल्यावर ही जवळपास सगळी ऊर्जा पॅड आणि डिस्कच्या घर्षणातून उष्णता होऊन बाहेर पडते. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून साठ-सत्तर टक्के काम पुढच्या चाकांच्या वाट्याला येते. हिशोब मांडला तर अशा एका थांबण्यात पुढची एकेक डिस्क साठ-सत्तर अंश सेल्सिअसने तापते. एकदाच थांबलात तर त्याचे काही विशेष नाही. पण खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना साधारण ५०० मीटर उंची कमी होते, आणि तेवढ्या उंचीची स्थितिज ऊर्जा म्हणजे १०० च्या वेगावरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याची ऊर्जा. खालच्या गिअरमधले इंजिन, टायर आणि वारा यातला बराच बोजा उचलतात. वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणारा मात्र तो सगळा डिस्कवर लादतो.

डिस्क उघड्यावर फिरत असते, तिची बहुतेक उष्णता वारा नेतो. कॅलिपरपर्यंत येते ती पॅड आणि त्याला ढकलणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, यांतून झिरपून. पॅडचा घासणारा थर उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही, आणि तसाच तो हवा असतो, कारण पिस्टनच्या मागे ब्रेक ऑइल असते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांना उकळते, डॉट ४ चे २३० ला. हे ऑइल हवेतली वाफ शोषत राहते. पुरेसे पाणी मुरले की हीच मर्यादा डॉट ३ साठी १४० आणि डॉट ४ साठी १५५ पर्यंत घसरते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जाते. थोडक्यात, रस्त्यावरच्या गाडीत पिस्टनभोवतीचे ओतीव लोखंड दोनशेच्या पार गेले तर रंगाआधी ब्रेकच जाईल. म्हणून डब्यावर ‘८०० अंश’ लिहिलेले पाहून भुलण्याचे कारण नाही. तो सायलेन्सरचा रंग. आपल्याला अडीचशे-तीनशे अंश सोसणारा पुरतो.

साधा ऑइलपेंट, म्हणजे खिडकीच्या ग्रिलला लावतो तो, इथे का चालत नाही? त्यातले राळेचे रेणू कार्बनच्या साखळ्यांचे असतात. शंभर अंशांच्या पुढे वारंवार तापले की ते पिवळे पडतात, ठिसूळ होतात, आणि ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर फुगून सुटतात. उष्णतारोधक स्प्रे बहुधा सिलिकोन राळेचे असतात, म्हणजे त्यांची साखळी सिलिकॉन आणि ऑक्सिजनची असते. सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधला बंध तोडायला मोलमागे सुमारे ४५० किलोज्यूल लागतात, कार्बन-कार्बन बंधाला सुमारे ३५०. फरक दिसायला लहान, परिणाम मोठा. पण सिलिकोनची एक अडचण विकणारा सहसा सांगत नाही. असे बरेच रंग पूर्ण पक्के होण्यासाठी दोनशे अंशांच्या आसपास काही काळ तापावे लागतात. सायलेन्सर रोज तेवढा तापतो. शहरात फिरणाऱ्या गाडीचा कॅलिपर कधीच तेवढा तापत नाही, त्यामुळे रंग हाताला कोरडा लागला तरी आतून कच्चा राहतो आणि खड्याच्या एका फटक्याने टवका उडतो. भट्टीत भाजावा म्हटले तर आत रबरी सील असते, आणि घरातल्या ओव्हनमध्ये पुन्हा केक करायचा असतो. म्हणून माझे मत कॅलिपरसाठीच बनवलेल्या दोन डब्यांच्या इपॉक्सी रंगाला: एकात राळ, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक जोड खोलीच्या तापमानालाच बसतो, भट्टी लागत नाही. तो ब्रशने लावता येतो, हा आणखी फायदा.

रंगद्रव्याचीही एक गंमत आहे. पिवळ्या मातीतला पिवळेपणा गोथाइट या खनिजाचा. त्याच्या स्फटिकात पाणी बांधलेले असते. सुमारे १८० अंशांपुढे हे पाणी निघून जाऊ लागते आणि मागे उरते हेमाटाइट, म्हणजे गेरूचा लाल. कारखान्यात बनणारा पिवळा आयर्न ऑक्साइडही याच जातीचा असतो, त्यामुळे तो वापरलेला स्वस्त पिवळा रंग तापत्या भागावर हळूहळू विटकरी होऊ शकतो. लाल ऑक्साइडला ही भीती नाही, कारण तो आधीच भाजून झालेला आहे.

‘रंगाचा थर म्हणजे रजई, आत उष्णता कोंडेल’ अशी शंका बरेच जण काढतात. आकडे पाहू. रंगाच्या सगळ्या थरांची जाडी मिळून सुमारे ०.१ मिलिमीटर. रंग उष्णतेचा मंद वाहक खरा, पण इतक्या पातळ थराचा अडथळा कॅलिपरभोवतीच्या हवेच्या अडथळ्यापुढे दोन-तीन टक्केच भरतो. उलट बाजूने, रंगीत पृष्ठभाग अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, म्हणजे उष्णतेचे किरण, चांगले फेकतो. आणि अवरक्ताच्या बाबतीत लाल, काळा, पांढरा यांच्यात नावालाच फरक असतो. जो रंग आपल्याला दिसतो त्याचा इथे संबंध नाही. तरीही १५० अंशांना तापलेला एक कॅलिपर अशा प्रकारे फार तर सत्तरेक वॉट बाहेर टाकेल. घाट उतरताना पूर्ण गाडीला किलोवॉटच्या हिशोबाने उष्णता झटकायची असते. रंग ना तारतो, ना मारतो.

मारतो तो भलत्या ठिकाणी लागला तर. बहुतेक साध्या गाड्यांचा कॅलिपर तरंगता असतो. त्याला एकाच बाजूने पिस्टन असतो. तो आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर दोन स्लायडर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅडही ओढून आणतो. पाय उचलल्यावर पिस्टन मागे कसा येतो? तिथे परतीची स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी काटाची रबरी रिंग असते. दाब आला की ती पिस्टनबरोबर किंचित पिरगळते, आणि दाब सुटला की मूळ आकार घेताना पिस्टनला मागे खेचते. हे मागे येणे मिलिमीटरच्या दशांशांत मोजावे लागते. आता वरचा आकडा आठवा: आपल्या रंगाची जाडीही ०.१ मिलिमीटर. पॅड ज्या खाचांत सरकतात त्यांत, पिनांवर किंवा पिस्टनवर एवढा रंग गेला की हालचालीसाठी ठेवलेली जागा संपली. पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो, पेट्रोल जास्त जाते, पॅड तिरका झिजतो आणि घाटात तीच बाजू आधी तापते.

तेव्हा रंगवायच्या आधी पट्टी चिकटवणे हेच खरे काम. पिस्टन आणि त्याचे रबरी बूट (धूळ अडवणारी आवरणे), पिनांचे बूट, पॅडच्या खाचा, ब्लीडर निपलचे (ऑइलमधली हवा काढायच्या छोट्या तोटीचे) तोंड, ब्रेकचा रबरी पाइप आणि डिस्कचा घासणारा भाग, हे सगळे मास्किंग टेप आणि वर्तमानपत्राखाली गेले पाहिजे. यात एक जागा हमखास विसरते: कॅलिपरला धरून ठेवणारा ब्रॅकेट जिथे बोल्टने आवळला जातो ती सपाट बैठक. आवळलेल्या जोडात रंगाचा थर अडकला तर तो दाबाने आणि उष्णतेने हळूहळू बसत जातो आणि बोल्टचा ताण उतरतो. चाक जिथे हबला, म्हणजे ते ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, टेकते तिथेही हेच.

साफसफाईला रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलचा बोळा घेण्याची आपल्याकडे सवय आहे. इथे ती मोडावी. नेहमीचे ब्रेक ऑइल नावापुरते ऑइल, प्रत्यक्षात ते ग्लायकॉलच्या जातीचे द्रव असते. त्याला चालणारे ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगते. म्हणजे गंजाबरोबर पिस्टनच्या सीललाही रामराम. ब्रेक क्लीनरचा स्प्रे किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, तोंडाने तर नाहीच. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

बाकी रीत सरळ आहे. सपाट जमीन, जमिनीवर टेकून राहणाऱ्या चाकांना पुढेमागे दगड, आणि गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर. कॅलिपर न उतरवताही रंगवता येतो, आणि नवशिक्याने तेच करावे. उतरवलाच तर तो रबरी पाइपला लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवावा. गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासावा, कारण सुटत्या गंजावरचा रंग गंजाबरोबरच सुटतो. मग पातळ हात, मध्ये डब्यावर लिहिलेली विश्रांती, पुन्हा पातळ हात. एकदाच जाड थर चोपडला की वरची साय आधी वाळते, खाली द्रावक कोंडतो, आणि पहिल्याच घाटात त्याची वाफ होऊन फोड येतात.

हे काम जुलैमध्ये काढू नये. रंगातला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवा दमट असेल तर तेवढ्यानेच ओल्या रंगावर दव धरते आणि चमक दुधाळ होते. औद्योगिक रंगकामात धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त असावे असा दंडक आहे. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत दुपारी तो आपोआप पाळला जातो.

चाके बसवून नट मॅन्युअलमधल्या मापाने आवळले, पिस्टन मागे ढकलला असेल तर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबले, की चाचणी उरते. सपाट रस्त्यावर, ब्रेक शक्य तितका कमी वापरत, दोन-तीन किलोमीटर जाऊन या आणि अवरक्त थर्मामीटरने दोन्ही पुढच्या कॅलिपरचे तापमान मोजा. चकचकीत धातूवर हे यंत्र खोटे, कमी तापमान दाखवते, कारण तसा धातू किरण फारच कमी फेकतो. रंगवलेल्या पृष्ठभागावर ते खऱ्याच्या जवळ जाते. डावा आणि उजवा साधारण सारखे असतील तर काम नीट झाले. एक बाजू ठळकपणे जास्त गरम लागली तर चाक पुन्हा काढा आणि पहिल्यांदा पॅडच्या खाचा आणि स्लायडर पिना पाहा.