हॉटेलात बसून एका रात्रीत लिहिलेली प्रार्थना? थोडं थांबा

मिस्सातली (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतली) ती सगळ्यात छोटी, दुसऱ्या नंबरची युखरिस्ट प्रार्थना, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसावर म्हटली जाणारी मुख्य प्रार्थना, फादर लुई बुये यांनी रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातल्या हॉटेलात नॅपकिनवर एका रात्रीत खरडली, हा किस्सा वर्षानुवर्षं फिरतोय.

किस्सा पूर्ण खोटा नाहीये, म्हणूनच तो मरत नाही. बुये मूळचे लुथरन पाळक, नंतर कॅथलिक धर्मगुरू झालेले फ्रेंच अभ्यासक. त्यांच्या आठवणी २०१४ ला छापून आल्या, त्यात ते स्वतःच सांगतात की मी आणि बेनेडिक्टाइन संघाचे फादर बेर्नार बॉट, आम्हाला सकाळपर्यंत मजकूर द्यायचा होता आणि शेवटचा हात त्रास्तेव्हेरेतल्या एका कॅफेबाहेर बसून फिरवला. शेवटचा हात! नॅपकिन मागून कुणीतरी चिकटवला.

मजकुराचा गाभा हिप्पोलितस या आरंभीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखकाच्या नावावर असलेल्या फार जुन्या प्रार्थनेचा आहे (नाव त्याचंच का यावर आज वाद आहेत, असो), आणि ती ज्या ग्रंथात आहे त्याची चिकित्सक आवृत्ती बॉट यांनी १९६३ मध्येच काढली होती, म्हणजे माणूस काय कोऱ्या डोक्याने बसला नव्हता. दोघांचं काम होतं त्या जुन्या प्रार्थनेत 'पवित्र, पवित्र' हे स्तुतिगीत आणि मध्यस्थीच्या विनंत्या नीट बसवायच्या. नंतरही मजकूर थेट छापखान्यात गेला नाही, नव्या प्रार्थनांचा विषय १९६७ च्या बिशपांच्या सिनडपुढे (सभेपुढे) आला आणि मे १९६८ मध्ये अधिकृत घोषणा झाली.

बाकी बुयेंना स्वतःला ती घाई अजिबात आवडली नव्हती, तेवढं या प्रार्थनेच्या टीकाकारांचं बरोबर आहे.