मांजराचे डोळे आले की माणसाचं औषध का चालत नाही?

पिल्लाचे डोळे चिपडांनी चिकटले की घरोघरी गुलाबपाणी, मध, दुधाचा बोळा असे उपाय सुरू होतात. कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढतं. त्याने डोळा बरा होत नाही, पण दोन दिवस वाया जातात आणि मांजराची कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. याहून घातक ठरते ती कपाटात उरलेली, माणसासाठी आणलेली ड्रॉप्सची बाटली.

मांजरांचे डोळे येण्यामागे बहुतेक वेळा हर्पीस विषाणू किंवा क्लॅमिडिया जिवाणू असतो. हर्पीस आईच्या शिंकांतून आणि चाटण्यातून पिल्लांना लागतो. शिंका, दोन्ही डोळ्यांतून पाणी, मग पिवळा पू. पिल्लू बरं होतं, विषाणू मात्र जात नाही. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या मुळाशी पेशींची एक गाठ असते, तिथे तो निपचित पडून राहतो. लागण झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के मांजरं अशी जन्मभराची वाहक होतात. घर बदललं, दुसरं मांजर आलं, बाळंतपण झालं, की तो पुन्हा जागा होतो.

माणसाच्या हर्पीसवर ॲसायक्लोव्हिर चालतं, मग मांजराच्या का नाही? ॲसायक्लोव्हिर घेताना निष्क्रिय असतं. त्याला तीन फॉस्फेट जोडले गेले तरच ते विषाणूच्या डीएनएच्या साखळीत घुसतं आणि तिची वाढ तिथेच थांबवतं. पहिला फॉस्फेट जोडायचं काम विषाणूचं स्वतःचं थायमिडिन कायनेज हे विकर (एन्झाइम) करतं, पुढचे दोन पेशीची विकरं जोडतात. म्हणजे विषाणू आपल्याच हाताने विष तयार करतो, म्हणून निरोगी पेशी वाचतात. किती सुंदर रचना! पण मांजराच्या हर्पीसचं हे विकर ॲसायक्लोव्हिरला फार कमी ओळखतं. पहिलीच पायरी अडते. डोस वाढवावा, तर विषाणूआधी मांजराला बाधतं. त्याचंच सुधारित रूप असलेलं व्हॅलासायक्लोव्हिर मांजरांचं मूत्रपिंड, यकृत आणि अस्थिमज्जा निकामी करतं. ते कधीही देऊ नये.

चालतं ते फॅमसायक्लोव्हिर. त्याचं पेन्सिक्लोव्हिर या प्रत्यक्ष काम करणाऱ्या औषधात रूपांतर व्हायला आल्डिहाइड ऑक्सिडेज हे विकर लागतं आणि मांजराच्या यकृतात ते फार थोडं असतं. म्हणून डोस मोठा: दर किलोला ९० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. चार किलोच्या मांजराला एका वेळी ३६० मिलिग्रॅम, तर नागीण झालेल्या प्रौढ माणसाला साधारण ५००! मूत्रपिंड कमजोर असेल तर हा हिशेब बदलतो, तेव्हा तो पशुवैद्यानेच करावा. लायसिन या अमिनो आम्लाच्या पुरवण्यांची जाहिरात खूप होते, परिणाम मात्र अभ्यासांत दिसलेला नाही.

ड्रॉप्स घालण्याआधी फ्लुरोसिन चाचणी हवी. हा रंग कॉर्नियाच्या अखंड आवरणावर टिकत नाही, जखम असेल तिथे मुरतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. फांद्यांसारखी रेघ दिसली तर हर्पीस नक्की. अशा डोळ्यात स्टेरॉइड गेलं, तर प्रतिकार दबतो, जखम खोल जाते आणि कॉर्निया फुटूही शकते. अँटिबायोटिकच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिसळलेलं असतं, म्हणून लेबल वाचा.

क्लॅमिडियात आधी एकच डोळा सुजतो, आतली गुलाबी त्वचा फुगून बाहेर येते, शिंका कमी. हा जिवाणू डोळ्यापुरता राहत नाही, त्यामुळे नुसते ड्रॉप्स पुरत नाहीत. डॉक्सिसायक्लिन, दर किलोला रोज १० मिलिग्रॅम, चार आठवडे, घरातल्या सगळ्या मांजरांना. गोळीमागून सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी पाजायलाच हवं. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नळी आकसते.

चिपडं ओढून काढू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेला कापूस मिनिटभर ठेवा, मग नाकाकडून बाहेरच्या बाजूला पुसा, प्रत्येक डोळ्याला नवा बोळा. दहा दिवसांच्या आतल्या पिल्लाची मिटलेली पापणी फुगली, तर आत पू साचलेला असतो. तिथे त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डोळा अर्धवट मिटलेला किंवा बुबुळ निळसर धूसर दिसलं, तरीही तेच.

तिहेरी लस (हर्पीस, कॅलिसी आणि पॅनल्युकोपेनिया या तीन विषाणूंवरची) सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी. ती हर्पीसची लागण रोखत नाही, आजार सौम्य करते. वाहक मांजराला नव्या घरी आणलं असेल, तर चौथ्या ते अकराव्या दिवसापर्यंत त्याचे डोळे रोज उजेडात पाहा, कारण विषाणू बहुधा याच दिवसांत बाहेर पडू लागतो.