सुपीरियर सरोवर परिसराचे उन्हाळी हवामान व हंगामी अंदाज

उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराच्या काठच्या प्रदेशातील, म्हणजे अमेरिकेच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन या राज्यांचा उत्तर भाग आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताचा लगतचा पट्टा यांतील, जून ते ऑगस्ट या महिन्यांचे हवामान व त्याविषयी आगाऊ वर्तवला जाणारा अंदाज. मराठी मुलखातला उन्हाळा मृगाच्या पावसाने संपतो, त्याच सुमारास येथील उन्हाळा सुरू होतो. मात्र सरोवराच्या पश्चिम टोकाला असलेल्या मिनेसोटातील डुलूथ या बंदराच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो सुरू झाल्याचे कित्येकदा समजतही नाही, कारण जून अर्धा सरला तरी त्याच्या अंगात लोकरी स्वेटर असतो.

या विसंगतीचे कारण सरोवराच्या आकारमानात आहे. सुमारे ८२,१०० चौ. किमी. पृष्ठभाग, सरासरी १४७ मी. व कमाल ४०६ मी. खोली असलेला हा जलाशय पृष्ठफळाने जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर मानला जातो. गोडे पाणी ४° से. तापमानाला सर्वांत जड असते. त्यामुळे हिवाळ्यानंतर पाणी त्याहून थंड असेतोवर उन्हाने तापलेला वरचा थर हलका न होता जड होतो आणि खाली बुडतो. खालचे गार पाणी वर येते व त्यालाही तापावे लागते. सगळा साठा ४ अंशांवर पोचल्याखेरीज वर उबदार पाण्याचा वेगळा थर टिकत नाही, आणि सरोवराच्या मध्यभागी ही वेळ जूनच्या अखेरीस किंवा जुलैत येते. सूर्य सर्वाधिक वेळ, दिवसाचे जवळपास १६ तास, तळपत असतो तेव्हा पाणी जवळजवळ हिवाळ्याचेच असते. आणि ते सर्वांत उबदार होते तेव्हा ऑगस्ट उजाडलेला असतो व दिवस लहान होऊ लागलेले असतात.

दुपारी जमीन तापली की सरोवरावरची गार हवा काठाकडे वाहू लागते. मराठीत समुद्रावरून येणाऱ्या अशा वाऱ्यांना खारे वारे म्हणतात. येथे पाणी गोडे असल्याने शब्द चुकीचा ठरतो, यंत्रणा मात्र तीच. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून १८३ मी. उंच आहे, तर डुलूथचा विमानतळ डोंगरमाथ्यावर सुमारे ४३५ मी. उंचीवर आहे. पूर्वेचा वारा सुटला की माथ्यावर बाह्या दुमडून फिरावे असे ऊन आणि खाली बंदरात दाट धुके, असे दृश्य अवघ्या काही किलोमीटरांत दिसते. तापमानात १० अंशांहून अधिक फरक पडणे नवलाचे नाही. स्थानिक बातमीपत्रांत व बोलण्यात ‘कूलर बाय द लेक’ (सरोवराकाठी अधिक गार) हे शेपूट उन्हाळी अंदाजाला जोडलेलेच असते. विमानतळावर जुलैचे सरासरी कमाल तापमान २४ ते २५° से. आहे, आणि १३ जुलै १९३६ रोजी डुलूथमध्ये ४१° से. तापमान नोंदले गेले, हेही विसरता येत नाही.

वाऱ्याची दिशा येथे तापमानाइतकीच महत्त्वाची असते. नैऋत्येचा वारा उत्तर किनाऱ्यालगत टिकून वाहिला, तर पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे उबदार पाणी काठापासून दूर लोटले जाते व तळचे गार पाणी वर येते. काल पोहण्याजोगे असलेले पाणी आज पाय बुडवू देत नाही. उत्तर किनाऱ्यावरील टू हार्बर्स या गावापासून नैऋत्येकडे डुलूथपर्यंतची मॅरेथॉन १९७७ पासून जूनमध्ये काठाकाठाने धावली जाते, आणि धावपटूंना पाठीवर येणारा गार ईशान्य वारा मिळाला तर ते नशीब समजतात.

हंगामी अंदाज हा वेगळा विषय आहे. अमेरिकेचे हवामान पूर्वानुमान केंद्र दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी पुढील तीन-तीन महिन्यांचे नकाशे प्रसृत करते. त्यांत तापमानाचा आकडा नसतो. सरासरीपेक्षा जास्त, सरासरीच्या आसपास व सरासरीपेक्षा कमी या तीन गटांपैकी कोणाकडे कल आहे, एवढेच संभाव्यतेने सांगितलेले असते, आणि कल दिसत नसेल तर तिघांना समान संधी दिली जाते. सरासरी १९९१ ते २०२० या काळातील धरली जाते. ‘जास्त तापमानाची शक्यता ४० टक्के’ याचा अर्थ उन्हाळा कडक जाईल असा लावणारे वाचक हमखास फसतात. तसा न जाण्याची शक्यता त्यात ६० टक्के उरलेलीच असते. शिवाय एल निनो व ला निना या प्रशांत महासागराचे पाणी तापण्याच्या व निवण्याच्या घटनांचा येथील हिवाळ्यावर जेवढा ठसा उमटतो तेवढा उन्हाळ्यावर उमटत नाही. म्हणून काठावरच्या गावांसाठी नकाशापेक्षा सरलेल्या हिवाळ्यातील बर्फाचे आच्छादन हा अधिक उपयुक्त पुरावा म्हणावा लागेल. सुपीरियर धरून येथील पाच मोठ्या सरोवरांवरील, म्हणजे महासरोवरांवरील, बर्फाची सलग नोंद १९७३ पासून उपलब्ध आहे. २०१३-१४ च्या हिवाळ्यात पाचही महासरोवरांचा मिळून ९० टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग गोठला होता, सुपीरियरवर बर्फाचे तुकडे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तरंगत राहिले आणि पाणी नंतरही सरासरीहून थंड राहिले.

पावसाबाबत असा आधार मिळत नाही. जूनमध्ये गार पाण्यावरून जाताना गडगडाटी ढग पुष्कळदा दुबळे होतात, परंतु काठावर अडकलेला पाऊस भयंकर ठरू शकतो. १९ व २० जून २०१२ रोजी डुलूथ परिसरात सुमारे २०० ते २५० मिमी. पाऊस कोसळला, तेथील प्राणिसंग्रहालयात पाणी शिरून अनेक प्राणी दगावले आणि फायस्टी नावाचा सील कुंपणाबाहेर वाहत येऊन ग्रँड अव्हेन्यू या रस्त्यावर आढळला. मिशिगनमधील हॉटन येथे १७ जून २०१८ रोजी अशाच पावसाने रस्ते उखडले. उलट कोरड्या उन्हाळ्यांत, उदा., २०२१ व २०२३ मध्ये, कॅनडातील वणव्यांचा धूर या प्रदेशावर पसरला.

डुलूथ येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले, की १९७९ ते २००६ या काळात सरोवराच्या पृष्ठभागाचे उन्हाळी तापमान सुमारे २.५° से. वाढले, म्हणजे आसपासच्या हवेपेक्षाही वेगाने. बर्फ कमी व लवकर वितळणारे झाल्याने पाण्याचा उबदार थर लवकर बनतो, हे त्याचे मुख्य कारण. २०१२ व २०१८ मध्ये विस्कॉन्सिनच्या काठालगतच्या अपॉसल बेटांच्या आसपास निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर दिसला. इतक्या थंड व निवळ पाण्यात तो पूर्वी अपेक्षित नव्हता. दुसरीकडे विस्कॉन्सिनमधील बेफील्ड द्वीपकल्पावरील सफरचंद व चेरीच्या बागा सरोवराच्या याच गारव्यावर तगून आहेत: वसंतात थंड हवेमुळे मोहोर उशिरा फुटतो व उशिराच्या कडाक्यातून वाचतो, आणि शरदात तेच पाणी उन्हाळ्याची ऊब परत देत पहिले दहिवर लांबवते.